भूल देणाऱ्याचा श्वास : शस्त्रक्रियागृहातील वायूंच्या अल्पमात्र संपर्काचा इतिहास (नागपूरच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठीत 'भूल' हा शब्द एकाच वेळी अनेक अर्थ वाहतो. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोहिनी आणि शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला देतात तीही भूलच. शासकीय परिभाषेने 'बधिरीकरण' ही संज्ञा रूढ केली. तरी रुग्णालयाच्या व्हरांड्यात आजही 'भूल उतरली का?' असेच विचारले जाते. या विद्येचा जो इतिहास लिहिला गेला तो जवळजवळ सर्वस्वी भूल घेणाऱ्याचा इतिहास आहे. वेदनेपासून त्याची सुटका कशी झाली, मात्रा कशी ठरली, भुलेखाली मृत्यू का होत, ते कसे टळले, या प्रश्नांनी त्याची पाने भरलेली आहेत. मात्र श्वासावाटे द्यावयाची भूल एकट्या रुग्णाला कधीच दिली जात नाही. मुखवट्याच्या कडेतून, झडपेतून आणि रुग्णाच्या उच्छ्वासातून निसटलेला वायू उशाशी बसलेला भूलतज्ज्ञ, शल्यविशारद, परिचारिका आणि खोली पुसणारा कर्मचारी हे सारे दिवसभर, वर्षानुवर्षे, अत्यल्प प्रमाणात घेत राहतात. या संपर्काचे त्यांच्या वर्तनावर, म्हणजे लक्ष, स्मरण, प्रतिक्रियेचा वेग आणि स्वभाव यांवर काय परिणाम होतात, हा प्रश्न इतिहासात कधी उपस्थित झाला, कोणी मोजला आणि का बाजूला पडला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. नागपूरचा संदर्भ केवळ स्थानिक अभिमानापोटी घेतलेला नाही. येथील उन्हाळा आणि येथील काही संस्था या दोन्हींचा या प्रश्नाशी प्रत्यक्ष संबंध आहे.

इथर, क्लोरोफॉर्म आणि उन्हाळा

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टनने इथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. पुढील वर्षीच, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्यात इथरचा प्रयोग झाला. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला आणि काही आठवड्यांतच तोही कलकत्त्याला पोहोचला. नागपुरात त्या वेळी तिसऱ्या रघूजी भोसल्यांची राजवट होती. राज्य खालसा होण्यास अद्याप काही वर्षांचा अवधी होता.

भारतात क्लोरोफॉर्म इथरपेक्षा अधिक रुजला, याचे एक साधे कारण उष्णतेत आहे. इथर सुमारे ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतो, तर क्लोरोफॉर्म ६१ अंशांच्या आसपास. नवतप्याच्या दिवसांत विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी जाळीच्या मुखवट्यावर टाकलेला इथरचा थेंब रुग्णाच्या श्वासात जाण्यापूर्वीच खोलीत पसरतो. रुग्णाला गुंगी येण्यास अधिक इथर लागतो आणि जास्तीचा सारा भाग उपस्थितांच्या वाट्याला येतो. थंड देशातील पाठ्यपुस्तकांना ही अडचण ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी त्या शतकातील सर्वांत गाजलेले संशोधन आपल्या शेजारी झाले. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी निजाम मीर महबूब अली खान यांनी द्रव्यसाहाय्य दिले आणि 'लॅन्सेट'च्या वतीने टॉमस लॉडर ब्रंटन लंडनहून आले. वऱ्हाडचा कारभार त्या काळी हैदराबादच्या रेसिडेंटकडेच होता (१९०३ मध्ये तो मध्य प्रांताकडे आला), त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या दृष्टीने हे संशोधन परक्या मुलखातले नव्हते. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. क्लोरोफॉर्मने आधी श्वसन थांबते, हृदय नंतर, तेव्हा नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. पुढे १९११ मध्ये लेव्ही यांनी हलक्या भुलेतही हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो हे दाखविले आणि हैदराबादच्या निष्कर्षाला मोठा छेद गेला.

हा वाद वैद्यकाच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. त्यातली एक बाजू मात्र सहसा पाहिली जात नाही. 'श्वासावर लक्ष ठेवा' या नियमाचा व्यवहारातील अर्थ असा की, भूल देणाऱ्याने आपला चेहरा रुग्णाच्या तोंडाजवळ न्यावा, श्वासाचा आवाज ऐकावा आणि उच्छ्वास हातावर अनुभवावा. रुग्णाच्या हिताचा हा नियम देणाऱ्याला वायूच्या उगमाशी बांधून ठेवणारा होता. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते. आयोगाच्या त्याच काळात त्या हे काम शिकत होत्या. प्राण्याने किती क्लोरोफॉर्म घेतला याच्या तपशीलवार नोंदी आयोगाने ठेवल्या. तो देणाऱ्याने किती घेतला, हा त्या काळी प्रश्नच नव्हता.

तो सुचायला हरकत नव्हती. हम्फ्री डेव्हीने १७९९ मध्ये ब्रिस्टल येथे स्वतः वारंवार नायट्रस ऑक्साइड घेऊन मनावर होणारे बदल लिहून ठेवले होते. हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स याने जानेवारी १८४८ मध्ये स्वतःवर क्लोरोफॉर्मचे लागोपाठ प्रयोग केले. त्या भ्रमिष्ट अवस्थेत त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्त्रियांवर आम्ल फेकले आणि तुरुंगात आत्महत्या केली. ही उदाहरणे मोठ्या आणि हेतुपुरस्सर घेतलेल्या मात्रेची आहेत, म्हणून अल्पमात्रेचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाहीत. ही द्रव्ये वर्तन बदलतात, एवढे मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

चिडचिड आणि गर्भपात

अल्प मात्रेचा स्वतंत्र विचार १९२० च्या दशकातील जर्मनीत सुरू झालेला दिसतो. इथरची वाफ शोषून बाहेर नेण्याच्या यंत्ररचना तेथे सुचविल्या गेल्या आणि १९२९ मध्ये हिर्श व काप्पुस यांनी शस्त्रक्रियागृहाच्या हवेतील इथर प्रत्यक्ष मोजला. कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि थकवा हे या चर्चेचे निमित्त होते. ती पुढे फारशी सरकली नाही.

१९६७ मध्ये सोव्हिएत संघातील वाइसमान यांच्या पाहणीने तिला पुन्हा तोंड फोडले. ३०३ भूलतज्ज्ञांनी प्रश्नावलीला उत्तरे दिली. त्यांतील बहुसंख्यांच्या तक्रारी डोकेदुखी, थकवा, चिडचिड आणि मळमळ अशा होत्या. त्याच पाहणीत ३१ गर्भधारणांपैकी १८ ची परिणती गर्भपातात झाल्याचे नमूद होते. जगभर गेला तो हा दुसरा आकडा. गर्भपात मोजता येतो, त्याची तारीख असते. चिडचिडीला तारीख नसते. ती माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होते. 'ओटीतले लोक तापटच असतात' हे वाक्य कोणत्याही मोठ्या रुग्णालयात ऐकू येते, पण त्यामागे हवेचाही काही वाटा असू शकेल अशी शंका सहसा कोणी घेत नाही. वर्तनपरिणामांची तक्रार अशा रीतीने सर्वांत आधी नोंदली गेली आणि सर्वांत आधी विसरलीही गेली.

१९६९ मध्ये अमेरिकेत लिंडे आणि ब्रूस यांनी शस्त्रक्रियागृहांत सरासरी सुमारे १० दशलक्षांश हॅलोथेन आणि १३० दशलक्षांश नायट्रस ऑक्साइड आढळल्याचे प्रसिद्ध केले. (दशलक्षांश म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग.) १९७४ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या समितीने सुमारे ५० हजार शस्त्रक्रियागृह कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचाही भर गर्भपात, जन्मजात व्यंग आणि यकृताचे विकार यांवर होता आणि प्रश्नावलीत स्मरणाचा दोष शिरतो हा आक्षेप तिच्यावर पुढे दीर्घकाळ घेतला गेला.

पंचविसाचा आकडा

त्याच १९७४ साली दोन वेगळ्या वाटांनी वर्तनाचा प्रश्न प्रयोगशाळेत आला. विस्कॉन्सिनच्या क्विम्बी व सहकाऱ्यांनी उंदरांना गर्भावस्थेपासून वयाच्या ६० व्या दिवसापर्यंत, आठवड्याचे पाच दिवस आणि दिवसाचे आठ तास, सुमारे १० दशलक्षांश हॅलोथेनच्या हवेत ठेवले. मोठेपणी या उंदरांना नवी गोष्ट शिकताना अधिक चुका झाल्या आणि मेंदूतील पेशीजोडांत दोष दिसले. ज्यांचा संपर्क प्रौढपणी सुरू झाला त्यांच्यात असा ऱ्हास आढळला नाही. कोवळ्या मेंदूची बाब वेगळी, हे येथे प्रथम ठळक झाले.

दुसरी वाट शिकागोच्या डेव्हिड ब्रूस यांची. त्यांनी ४० तरुण स्वयंसेवकांना चार तास ५०० दशलक्षांश नायट्रस ऑक्साइड, कधी १५ दशलक्षांश हॅलोथेनसह, दिला आणि दृष्टी, लक्ष व हालचालींच्या चाचण्या घेतल्या. कामगिरी घसरली. पुढील प्रयोगांत त्यांनी मात्रा उतरवत नेली. ५० दशलक्षांश नायट्रस ऑक्साइड आणि १ दशलक्षांश हॅलोथेन या पातळीलाही परिणाम दिसला. २५ आणि ०.५ या पातळीला दिसला नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९७७ मध्ये नायट्रस ऑक्साइडसाठी २५ दशलक्षांश ही मर्यादा शिफारशीत घातली ती मुख्यतः या चाचण्यांच्या आधारावर. जगभर आजही उद्धृत होणारा हा आकडा गर्भपाताच्या किंवा कर्करोगाच्या नव्हे, तर वर्तनाच्या पुराव्यावर उभा राहिला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

पुढची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. त्याच १९७७ साली ब्रिटनमधील स्मिथ आणि शर्ली यांना तशाच मात्रेत कोणताही परिणाम दाखविता आला नाही. अन्य प्रयोगांतही तो आढळेना. अखेर १९८३ मध्ये स्वतः ब्रूस यांनी स्टॅनली यांच्यासह लिहिले की, असे निष्कर्ष निवडलेल्या व्यक्तींवर अवलंबून असू शकतात आणि म्हणून ते दुसरीकडे पुन्हा मिळणार नाहीत. स्वतःच्या गाजलेल्या प्रयोगाला अशी मर्यादा घालणे ही वैज्ञानिक प्रामाणिकपणाची गोष्ट होय. तोवर आकडा मात्र कागदावर स्थिरावला होता. ब्रिटनने १९९६ मध्ये आपली मर्यादा चौपट, म्हणजे १०० दशलक्षांश ठेवली.

या मतभेदातून जो निष्कर्ष अनेक ठिकाणी काढला गेला तो तर्काला धरून नाही. २५ दशलक्षांशाला परिणाम होतो की नाही हे वादग्रस्त आहे, म्हणजे मोजण्याची आवश्यकता नाही, असे मानले गेले. पण वाद २५ आणि ५० या पातळ्यांचा होता. वायू बाहेर नेण्याची सोय नसलेल्या खोल्यांत जे प्रमाण असते ते त्याच्या कितीतरी वर आहे. एक साधे गणित पाहू. १०० घनमीटरच्या खोलीत मिनिटाला ४ लिटर या वेगाने तासभर नायट्रस ऑक्साइड सोडला, तर २४० लिटर वायू जमा होतो. हवा अजिबात बदलली नाही तर हे प्रमाण २,४०० दशलक्षांश होते. तासाला चार वेळा ताजी हवा आली तरी ते ६०० च्या आसपास स्थिरावते. ब्रूस यांच्या पहिल्या प्रयोगातील ५०० चा आकडा या संदर्भात अवास्तव वाटत नाही.

हे परिणाम वेगळे काढणे कठीण आहे हे खरेच. रात्रपाळी, उपाशीपोटी तासन्‌तास उभे राहणे, जीवनमरणाचा ताण आणि वरिष्ठांचा धाक यांतले प्रत्येक कारण माणसाला विसराळू आणि चिडखोर करण्यास पुरेसे आहे. फिनलंडमधील कोर्टिला यांनी १९७८ मध्ये शस्त्रक्रियागृहातील व वॉर्डातील परिचारिकांच्या वाहन चालविण्याशी संबंधित कौशल्यांची तुलना केली, तेव्हा त्यांना फरक आढळला नाही. उलट टोकाला, १९७८ मध्येच लेझर यांनी दीर्घकाळ नायट्रस ऑक्साइड घेतलेल्या व्यक्तींत, प्रामुख्याने दंतवैद्यांत, मज्जारज्जूचा विकार नोंदविला. तेथे मात्रा मोठी होती आणि बहुतेकांनी ती स्वतःहून घेतलेली होती.

बंद खोली

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. भारतीय भूलतज्ज्ञांची संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. कलकत्त्यातील पहिल्या इथरला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे होत होती. मेयो रुग्णालय त्याहून बरेच जुने. या पिढीतील शस्त्रक्रियागृहांची रचना उंच छत, मोठ्या खिडक्या आणि पंखे अशी असे. इथर ज्वालाग्राही असल्यामुळे वाफ कोंडू न देणे हा अग्निसुरक्षेचाही भाग होता. शिवाय इथर लपत नाही. त्याचा उग्र दर्प कपड्यांना, केसांना लागून घरापर्यंत येई. आपण काय श्वासात घेत आहोत हे कर्मचाऱ्याला नाकाने कळत होते.

हॅलोथेनने हे चित्र पालटले. १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स सक्लिंग यांनी तो तयार केला आणि १९५६ पासून तो प्रत्यक्ष वापरात आला. पुढील दोन-तीन दशकांत भारतातील मोठ्या रुग्णालयांत तो पसरला. जिल्ह्याच्या ठिकाणी इथर त्यानंतरही बराच काळ टिकून होता. हॅलोथेन पेटत नाही आणि त्याचा गोडसर वास मंद असतो. तो नाकाला स्पष्ट जाणवू लागतो तेव्हा सुरक्षित मानलेली मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. नायट्रस ऑक्साइडला तर वास जवळजवळ नाहीच. स्फोटाची भीती गेली तशी खिडकी उघडी ठेवण्याचे एक कारण गेले. जंतुसंसर्गाच्या आणि धुळीच्या विचाराने ती बंद झाली आणि नागपूरच्या उन्हाने तिच्या जागी वातानुकूलन यंत्र बसविले. खिडकीतील किंवा भिंतीवरील साधे यंत्र बाहेरची हवा आत घेत नाही म्हटले तरी चालेल. ते आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते. आधुनिकीकरणाने रुग्णाची सुरक्षितता निःसंशय वाढविली. त्याच पावलांनी कर्मचाऱ्याच्या श्वासातील वायूची मात्राही वाढविली आणि ती ओळखण्याचे साधनही काढून घेतले.

येथे या शहराच्या औद्योगिक इतिहासातील एक प्रकरण आठवते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली आणि गिरणीतील हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविणाऱ्या देशातील आरंभीच्या गिरण्यांत ती गणली जाते. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून ही व्यवस्था. कामगाराला त्यातून मिळालेला गारवा हा सोबतचा लाभ. शस्त्रक्रियागृहाची हवा जखमेसाठी गाळली जाते आणि तिचे सारे मापदंड जंतूंच्या संख्येत सांगितले जातात. दोन्ही ठिकाणी हवेचा विचार झाला, पण श्वास घेणाऱ्या कामगाराला केंद्रस्थानी ठेवून नव्हे.

लहान मुलांना मुखवटा सैल धरून भूल देताना सर्वाधिक वायू सांडतो. शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात तर रुग्ण स्वतःच उगम असतो. तासभर तो वायू उच्छ्वासावाटे टाकत राहतो आणि परिचारिका त्याच्या तोंडाशी वाकून त्याला हाका मारत असते. त्या कक्षात वायू बाहेर नेणारी नळी जोडायला यंत्रच नसते. संपर्काची मात्रा हुद्द्याप्रमाणे ठरत नाही, पण त्याविषयी बोलण्याचे बळ हुद्द्याप्रमाणेच मिळते.

सिलिंडरपासून पुढे

नायट्रस ऑक्साइडचा निळा सिलिंडर देशात कोठेही भरला, साठविला वा वाहून नेला तरी त्यासंबंधीचे नियम राबविणाऱ्या यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना ही ती यंत्रणा. सिलिंडरची जाडी, झडप, रंग आणि परवाना या साऱ्याची जबाबदारी तिच्याकडे आहे, पण झडपेतून बाहेर पडलेला वायू तिच्या कक्षेत येत नाही. याच शहरात १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिलाच १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'नीरी', हे नाव मिळाले. ब्रूस आणि क्विम्बी यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले ते हेच वर्ष. खाणकामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही नागपुरात होती. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. चिमणीचा धूर, रस्त्यावरची धूळ आणि खाणीतील सिलिका यांविषयीचे ज्ञान या शहरात मुबलक जमा झालेले आहे.

कायद्याची रचनाही अशीच विभागलेली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात रासायनिक द्रव्यांच्या अनुज्ञेय पातळ्यांची अनुसूची आली, परंतु ती कारखान्यांपुरती. १९८१ चा वायुप्रदूषण अधिनियम मुख्यतः बाहेरच्या हवेचा. जैववैद्यकीय कचऱ्याचे १९९८ चे आणि पुढे २०१६ चे नियम पिशव्यांचे रंग ठरवितात. जो कचरा पिशवीत भरता येत नाही त्याचा त्यांत विचार नाही.

प्रदूषण कमी झालेच नाही असे मात्र नव्हे. आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन महाग असल्यामुळे वायूचा प्रवाह कमी ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि खर्चाच्या काळजीने हवाही काहीशी स्वच्छ केली. अलीकडे हवामानबदलाच्या चर्चेने या वायूंकडे पुन्हा लक्ष वेधले आहे. स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेनचा वापर थांबविला तो त्याच्या तापमानवाढीच्या क्षमतेमुळे. खोलीतल्या माणसाआधी खोलीबाहेरच्या आकाशाची दखल घेतली गेली.

या विषयाचा प्रादेशिक इतिहास लिहिण्यासाठी हवा मोजलेल्या जुन्या नोंदींची वाट पाहण्याचे कारण नाही. रुग्णालयांच्या भांडार विभागात द्रव्यांच्या खरेदीच्या आणि शस्त्रक्रियागृहात शस्त्रक्रियांच्या नोंदवह्या ठेवण्याची पद्धत जुनी आहे. एक मिलिलिटर द्रव हॅलोथेनपासून सामान्य तापमानाला सुमारे २२७ मिलिलिटर वाफ होते. म्हणजे २५० मिलिलिटरची एक बाटली सुमारे ५७ लिटर वाफ देते आणि ती १०० घनमीटरच्या बंद खोलीत पसरली तर प्रमाण ५६० दशलक्षांशाच्या पुढे जाते. रुग्णाच्या शरीरात यातला थोडाच अंश राहतो. वर्षाला किती बाटल्या आल्या, किती तास शस्त्रक्रिया चालल्या, खोलीचे आकारमान काय आणि खिडक्या कोणत्या वर्षी बंद करून यंत्र बसविले, एवढ्या चार गोष्टी जुळविल्या तर १९६० पासून २००० पर्यंतच्या प्रत्येक दशकात त्या खोलीत काम करणाऱ्यांनी अंदाजे काय श्वासात घेतले याचा हिशेब मांडता येईल. त्या काळच्या निवृत्त परिचारिका, तंत्रज्ञ आणि कक्षसेवक यांच्या मुलाखती या हिशेबाशेजारी ठेवता येतील. त्यांत डोकेदुखी, झोप आणि विसराळूपणा यांविषयीचे प्रश्न वाइसमान यांच्या १९६७ च्या पाहणीशी ताडून विचारावे लागतील आणि रात्रपाळ्यांची संख्याही त्याच तक्त्यात लिहावी लागेल. जुन्या नोंदवह्या ठरावीक मुदतीनंतर निर्लेखित करण्याची प्रथा असल्यामुळे या कामाचा आरंभ भांडारातूनच व्हावा लागेल.